अडीच रतल कमी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. माझ्या फळीवर उभे राहिलात तर तुम्ही एक पाय हळूच जमिनीला टेकवाल, नाहीतर दप्तर पाठीवर तसेच ठेवून ‘माझे वजन वाढले’ म्हणून घरी सांगाल. रागावू नका. माझा जन्मच संशय घेण्यासाठी झाला आहे. सगळे जग खरे बोलत असते तर काटा बनवण्याच्या भानगडीत कोण पडले असते?

मुंबईत भायखळ्याच्या एका कारखान्यात माझी बैठक ओतली गेली. वर पितळी दांडी बसवली, दांडीवर रतलांच्या खुणा कोरल्या आणि एक सरकते वजन अडकवले. रतल म्हणजे पौंड. तुम्ही आता शाळेत किलो शिकता, आम्ही रतलावर वाढलो. सरकारी माणसाने येऊन मला तपासले, छाप मारली, आणि मी खरा ठरलो.

माझी पहिली नोकरी कल्याण कॅम्पात. सन १९४८. आज ज्याला तुम्ही उल्हासनगर म्हणता तिथे तेव्हा लष्कराने सोडलेल्या बराकी होत्या आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे त्यांत राहत होती. त्यांना मिळणारे धान्य माझ्यावर मोजले जाई. रांगेतल्या प्रत्येकाचे डोळे माझ्या दांडीवर असत. एके दिवशी एका सिंधी म्हातारीने धान्य घ्यायचे सोडून माझ्या फळीखाली हात घातला आणि बोटांनी चाचपत एक शिशाचा तुकडा ओढून काढला. तो तिथे मोजणाऱ्याने चिकटवला होता. त्याच्या वजनाइतके धान्य प्रत्येकाला कमी मिळत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! मोजणाऱ्याची हकालपट्टी झाली. मी मात्र त्या दिवसापासून माणसांवर तर सोडाच, स्वतःवरही नजर ठेवू लागलो.

तीन वर्षांनी मला अंबरनाथ पूर्वेच्या एका कारखान्याने विकत घेतले. तिथे स्टोव्हचे पितळी बर्नर बनत. माल बाहेर पाठवायच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, दाराशेजारी मला ठेवले. दारातून कारखान्याचे फाटक सरळ दिसे.

त्या खोलीचे साहेब होते विष्णुपंत. कुलूप लावले की ते तीनदा ओढून पाहत, आणि चार पावले गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा. कोऱ्या कागदावर सही करताना आधी कागद उलटा करून बघत. माझ्यावर पेटी ठेवली की दोनदा वजन करत, आणि जो आकडा येई तो काळ्या रंगाने पेटीच्या फळीवर लिहून घेत. आमचे चांगले जमले. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याच स्वभावाचे भेटले होते.

पेट्या भरायचे काम बनूबाईकडे होते. ती बदलापूरजवळच्या शिरगावची. रोज सकाळी रुळांच्या कडेने चालत येई. तिच्या आधी जे पेट्या भरत ते नुसता भाताचा पेंढा कोंबत, आणि पेटी हलवली की आत बर्नर खुळखुळत. बनूबाईने येताच ती पद्धत बदलली. ती पेंढ्याचे दोर वळी. एकेक बर्नर मेणकागदात गुंडाळून त्याच्याभोवती तो दोर असा फिरवी की पेटी जिन्यावरून टाकली तरी आत काही हलू नये. दोर वळण्याआधी ती पेंढा मागच्या नळाजवळ नेई आणि बऱ्याच वेळाने घेऊन येई. तिथे ती काय करते ते मला दिसत नसे. जे मला दिसत नाही त्याचा मला संशय येतो.

तिच्या हाताखाली कौसाबाई आणि आणखी चारजणी होत्या. पेट्या भरल्या की त्याच दिवशी निघत. असे चार वर्षे सुरळीत चालले होते.

मग १९५५ च्या मार्चमध्ये कोलंबोहून मागणी आली. कारखान्याचा माल पहिल्यांदाच परदेशी जाणार होता. चार पेट्या, प्रत्येकीत एकशे चव्वेचाळीस बर्नर. सिलोनमध्ये एप्रिलच्या मध्याला त्यांचे नवे वर्ष सुरू होते, त्याच्या आत माल दुकानांत हवा, असे पत्रात लिहिले होते. बनूबाईने दोन दिवसांत पेट्या भरल्या. सुताराने खिळे ठोकले. विष्णुपंतांनी प्रत्येक पेटीचे दोनदा वजन केले. चारीही पेट्या चौऱ्याऐंशी रतल. काळ्या रंगात ‘८४’ लिहिले गेले.

आणि मग प्रश्न आला, पाठवायच्या कशाने?

विक्रीचे काम बघणारे शशिकांत तरुण होते. त्यांनी एका कागदावर तीन रकाने आखून आणले होते, एक बोटीचा, एक विमानाचा, एक लॉरीचा. विष्णुपंतांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. कुठे खोडून लिहिले आहे का, ते पाहत होते.

“विमानाने पाठवू या,” शशिकांत म्हणाले. “सांताक्रूझहून मद्रास, मद्रासहून कोलंबो. दोन दिवसांत डिलिव्हरी!”

“आणि मद्रासला पेट्या खाली उतरवल्या तर? वजन जास्त झालं की काय करतात ते लोक, खिडकीतून टाकतात?”

“टाकत नाहीत हो विष्णुपंत. दुसऱ्या विमानात ठेवतात.”

“दुसऱ्या म्हणजे कुठल्या? ते तुमच्या कागदावर लिहिलेलं नाही.”

विष्णुपंतांचा कल बोटीकडे होता. बोटीचे भाडे कमी, आणि त्यांच्या वडिलांनीही आपल्या धंद्यातला माल बोटीनेच पाठवला होता. बोटवाल्यांना वजनाशी फारसे देणेघेणे नसते. पेटी किती जागा अडवते ते फीत लावून मोजायचे आणि भाडे सांगायचे. मला हे मुळीच पटले नाही. रुंदी मोजून कधी कोणाचा खरेखोटेपणा कळतो का? शशिकांतांची शंका वेगळी होती. गोदीतले हमाल लोखंडी आकडा फळीत रुतवून पेटी ओढतात, बोट चार-पाच दिवसांत पोचते म्हणतात पण धक्क्याला लागायला कधी आठवडा घेते, आणि खाली तळाशी खारी हवा पितळाला खाते, असे ते म्हणत.

तिसरा मनुष्य हिंदुराव. कारखान्याचा माल तो आपल्या लॉरीतून पुण्या-कोल्हापुराकडे नेई. तो साताऱ्याकडचा, दणदणीत आवाजाचा.

“परदेश-परदेश काय लावलंय सायेब? तुतिकोरीनपत्तुर माजी लॉरी जाती. सात दिसांत नेतो. तितनं शिडाच्या दोणीनं येका रातीचं पानी, की आलं कोलंबू! पेटी मी सोता चढवनार, सोता उतरवनार. तुमच्या बोटीवर कोन हात लावतंय, कुनाला ठावं?”

“आणि वाटेतले जकात नाके? प्रत्येक नाक्यावर पेटी उघडा म्हणाले तर?” विष्णुपंत म्हणाले. “शिवाय त्या दोणीला वारा मिळाला नाही तर?”

“वारा न मिळायला काय झालं! तिकडं वाराच हाय नुसता.”

बोटीला फीत, विमानाला रतल, लॉरीला मण. तिघांच्या तीन मापांत त्या चार पेट्या अडकून पडल्या. आठ दिवस हा वाद माझ्या डोक्यावर चालला. शशिकांत बोटीवर संशय घेत, विष्णुपंत विमानावर, हिंदुराव दोघांवर, आणि मी तिघांवर. खरे सांगू? माझे मन विमानाकडे ओढत होते, कारण विमानात एकेका रतलाला किंमत असते. तिथे माझ्या शब्दाला मान मिळाला असता. मोठेपणाची हाव मलाही होती.

ते आठ दिवस कडक उन्हाचे होते. पत्रा असा तापे की दुपारी माझ्या दांडीला हात लावताना माणसे हात मागे घेत. पेट्या भिंतीला लागून उभ्या होत्या. बनूबाई दुपारी त्यांच्या आडोशाला बसून भाकरी खाई आणि घटकाभर आडवी होई. ती तिथे का बसते, ही शंका माझ्या मनात आली होती. आता सांगायला लाज वाटते.

आठव्या दिवशी सकाळी कोलंबोहून तार आली, माल कुठे आहे? बोटीची तारीख तोवर हुकली होती, पुढच्या बोटीचा भरवसा नव्हता. हिंदुरावची लॉरी दुसऱ्याच कामाला बेळगावकडे गेली होती. उरले विमान. त्याच सकाळी सरकारी तपासनीस आला, त्याने कागद पाहिले, चारी पेट्यांना सुतळी गुंडाळून लाखेचे शिक्के मारले आणि निघून गेला. आता विमानासाठी नवा कागद हवा होता, आणि त्यावर नेमके वजन. विष्णुपंतांनी पहिली पेटी माझ्यावर ठेवली.

साडेएक्याऐंशी.

त्यांनी पेटी उतरवली, फळी पुसली, पुन्हा ठेवली. साडेएक्याऐंशी. फळीवर काळ्या रंगात चौऱ्याऐंशी. दुसरी पेटी, साडेएक्याऐंशी. तिसरी तशीच. चौथी तशीच. चारीतून मिळून दहा रतल माल नाहीसा झाला होता. एक बर्नर सहा औंसांचा, म्हणजे निदान सव्वीस बर्नर!

विष्णुपंतांनी चौथ्या पेटीवरच्या ‘८४’वरून बोट फिरवले. “एकीत कमी असतं तर चूक म्हटलं असतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “चारीतून सारखंच काढलंय. हे विचार करून केलेलं काम आहे.” आणि मित्रांनो, मलाही अगदी तसेच वाटले. काय चलाख आहे, मी म्हटले, कोणाला कळू नये म्हणून प्रत्येकीतून सारखे काढले!

शशिकांत म्हणाले, “उघडून मोजू या ना.”

“शिक्के तोडून? पुन्हा तपासनीस, पुन्हा आठ दिवस. विमान रात्रीचं आहे.”

बनूबाईला बोलावले. ती पदराला हात पुसत आली. विष्णुपंतांनी पेटीवरचा आकडा दाखवला, माझी दांडी दाखवली.

“आठ दिवस या पेट्यांजवळ कोण बसत होतं?”

“मीच बसत व्हते. तितं जरा सावली हाय, सायेब.”

“मग यातले बर्नर कुठे गेले?”

तिला आधी समजलेच नाही. समजले तेव्हा ती पेटीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “सायेब, पेंडा वला व्हता. कोरडा पेंडा वलताना तुटतो, म्हून आमी पानी मारतो. आठ दिसांत वालला तो. वजन कमी व्हनारच की.”

“अडीच रतल पाणी? पेंढ्यात?” विष्णुपंत उसळले. “बनूबाई, मला शिकवू नकोस. पेंढा तो पेंढा.”

“पेंडाच वालला, सायेब,” ती पुन्हा म्हणाली. “मापून बगा.”

कोणी मापून पाहिले नाही. मित्रांनो, मी तिथेच होतो. मी कॅम्पात ओली पोती उचलली आहेत, ओले धान्य कोरड्यापेक्षा किती भरते ते माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण मला तोंड नाही, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मला ते आठवलेही नाही. मी माझ्या आकड्यावर इतका खूश होतो की तिचे बोलणे माझ्यापर्यंत पोचले नाही. माझी दांडी सरळ होती. मला तेवढे पुरे होते.

बनूबाईला त्याच दुपारी काढून टाकले. पेट्या नव्या आकड्यासह विमानाने गेल्या; कमी भरतील ते बर्नर मागून पाठवायचे ठरले.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा वाजता फाटकावर बायकांची झडती सुरू झाली. प्रत्येकीने पदर झटकायचा, डबा उघडून दाखवायचा, ओटी मोकळी करायची, आणि पुरुष शिपाई समोर उभा. कौसाबाईने पहिल्या दिवशी मान खाली घालून पदर झटकला, आणि बाहेर गेल्यावर रडली. मग त्या बायका बनूबाईवरच रागावल्या. शिरगावात तिचे नाव घेऊन कुजबुज होऊ लागली. ‘हिने खाल्लं आणि आम्हाला धुवायला लावलं,’ असे कौसाबाई माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली. मी ऐकले.

सोळा दिवसांनी कोलंबोचे पत्र आले. शशिकांतांनी ते उभ्या उभ्याच वाचले. पाचशे शहात्तर बर्नर मिळाले, एकही कमी नाही, एकालाही ओरखडा नाही. खाली आणखी एक ओळ होती, एवढी चांगली बांधणी आम्ही आजवर पाहिली नव्हती, बांधणाऱ्याला आमचे धन्यवाद सांगावे.

विष्णुपंतांनी पत्र मागून घेऊन उजेडात धरले. मग म्हणाले, “त्यांनी नीट मोजले नसतील.”

मग त्यांनी माझ्यावर संशय घेतला. कल्याणहून प्रमाण वजने मागवली आणि एकेक करून माझ्यावर ठेवली. मी सगळी बरोबर सांगितली. आता संशय घ्यायला कोणीच उरले नव्हते. तेव्हा शशिकांतांनी नळाजवळ जाऊन पेंढ्याची एक पेंढी भिजवली, पाणी निथळू दिले आणि माझ्यावर ठेवली. साडेसात रतल. ती पत्र्याखाली भिंतीशी ठेवून दिली. आठ दिवसांनी पुन्हा ठेवली. पाच रतल. विष्णुपंतांनी ती पेंढी उचलली, हातात धरून पाहिली, आणि माझ्या दांडीकडे न बघता खाली ठेवली.

शशिकांत शिरगावला जाऊन बनूबाईला घेऊन आले. ती दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. विष्णुपंत खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना कोणासाठी उठताना मी तोवर पाहिले नव्हते.

“बनूबाई, चूक आमची झाली,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं. उद्यापासून या. कोलंबोवाल्यांनी तुम्हाला नावाजलंय.”

‘तुम्ही’ ऐकून ती जराशी चमकली. मग तिने वळून फाटकाकडे पाहिले. सहा वाजले होते आणि बायका रांगेत उभ्या होत्या.

“आनी ती झडती?”

“तुमची घेणार नाही. मी शिपायाला सांगून ठेवतो.”

“माजी नाय घेनार, आनी कौसाची घेनार?”

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. “ती आता नियमात बसली आहे, बनूबाई. वरून मंजुरी आली. एकदा सुरू केलेलं बंद करायचं म्हणजे पुन्हा कारण लिहून द्यावं लागतं. आणि झडती असलेली बरी, कोणाला संशयाला जागा राहत नाही.”

“सव्वीस बर्नर कुनी न्हेलेच नाय,” बनूबाई म्हणाली. “मंग ही झडती कशाची चाललीय?”

विष्णुपंतांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती उंबऱ्याबाहेरूनच बोलली. “मी येन, सायेब. पन त्या बाया माज्यापायी पदर झटकतात त्यांच्या म्होरनं मी मोकली नाय जानार. ती बंद करा आनी मना सांगावा धाडा.” एवढे बोलून ती आली तशी निघाली. फाटकापाशी तिची झडती कोणी घेतली नाही. पण ती थांबली, रांगेत शेवटी उभी राहिली, आणि आपल्या पाळीला पदर झटकून मग बाहेर गेली. कौसाबाई तिच्या पुढेच होती. ती मागे वळली आणि दोघी रुळांच्या दिशेने बरोबर चालू लागल्या.

तिला सांगावा कधी गेला नाही. पेट्या पुन्हा खुळखुळू लागल्या, आणि कोलंबोची मागणी एक वर्षाने बंद झाली. बोट बरी की विमान बरे की लॉरी, हा वाद घालायचीही मग गरज उरली नाही.

त्यानंतर मी तिथे चार वर्षे होतो. रोज सहा वाजता दारातून ती रांग पाहत होतो. त्या चार वर्षांत एकाही पदरातून एकही बर्नर पडला नाही. पुढे किलो आले, रतलाचे काटे बाद झाले, आणि मला उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याने उचलून आणले. आता मी त्याच्या दाराबाहेर गंजत पडलो आहे. येणारी-जाणारी मुले माझ्यावर उड्या मारतात.

मारा उड्या. मला तेल घाला, धुळीपासून जपा, असे काही मी तुमच्याकडे मागत नाही. मी दुसरेच मागतो. मी त्या दिवशी खोटे बोललो नव्हतो. अडीच रतल खरोखरच कमी होते. पण किती कमी झाले एवढेच मला सांगता येते, काय कमी झाले ते मला कळत नाही, आणि कोणत्याच काट्याला कळत नाही. ते माणसाला विचारावे लागते, आणि विचारले की त्याचे सांगणे ऐकून घ्यावे लागते. बनूबाईने दोनदा सांगितले होते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातीही कधी असा एखादा आकडा येईल आणि समोर एखादी बनूबाई उभी असेल. तेव्हा मित्रांनो, माझ्याकडे बोट दाखवू नका. तिच्याकडे बघा, आणि ती म्हणते ते मापून पाहा.

परवा भंगारवाल्याकडे अंबरनाथचा एक गाडीवान आला होता. त्याने सांगितले की त्या कारखान्यात नव्या मुली कामाला लागल्या आहेत, आणि सहा वाजले की त्या फाटकावर न सांगताच रांगेत उभ्या राहून पदर झटकतात. का, ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण तो आकडा मी दाखवला होता.